खिदमत कुणाची, गरज कुणाची

गेल्या वर्षी रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शीरखुर्म्याची वाटी तिने हातात घेतली, दोन चमचे खाल्ले आणि पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ती आता अमरावतीच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचे तिवस्यात शिलाईचे छोटे दुकान आहे. कागदावर हिमालयाचे चित्र होते आणि खाली मजकूर होता : नेपाळमध्ये दोन आठवडे स्वयंसेवा, काठमांडूजवळच्या अनाथालयातल्या मुलांना इंग्रजी शिकवणे, त्यांच्याशी खेळणे आणि शेवटी प्रमाणपत्र. राहण्याजेवण्याची आणि 'व्यवस्थेची' फी स्वयंसेवकाने भरायची. फीचा आकडा पाहून मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "ट्यूशन के पैसे हैं बाजी, अब्बू से एक रुपया नहीं लिया."

तिला माझ्याकडून शिफारसपत्र हवे होते. "बस दो लाइन लिख दो ना, के लडकी अच्छी है."

लडकी अच्छी आहे यात मला शंका नव्हती. दोन ओळी लिहायला पाच मिनिटे लागली असती. पण तो कागद माझ्या कपाटात अकरा दिवस पडून राहिला, कारण मधे एक भिंत आली.

2018 च्या डिसेंबरात आमच्या शाळेत दोन परदेशी तरुण दहा दिवसांसाठी आले होते. एका संस्थेने त्यांना पाठवले होते; ती कोणती, हे सांगण्याचे कारण नाही, कारण दोष एकट्या तिचा नव्हता. मुलगा जर्मनीचा, मुलगी दक्षिण कोरियाची. दोघेही विशीच्या आसपास, अंगाने धडधाकट, स्वभावाने गोड. शाळेला काहीतरी कायमचे देऊन जावे असे त्यांच्या मनात होते. प्राथमिक विभागाच्या वऱ्हांड्यात एक लांब भिंत आहे. तिच्यावर आमच्या एका निवृत्त उस्तादांनी फार वर्षांपूर्वी हुरूफ-ए-तहज्जी रंगवले होते. अलिफपासून येपर्यंत सारी अक्षरे त्यांनी मुद्दाम खाली, पहिलीतल्या मुलाच्या छातीच्या उंचीवर काढली होती. प्रत्येक अक्षराची रेघ बोटभर जाड होती, म्हणजे मुलाला बोट ठेवून गिरवता यावे. रंग उडाला होता, हे खरे. बोटांनी झिजलेलेही होते. जीमच्या पोटातला नुक्ता तर पुसूनच गेला होता.

आठव्या दिवशी ती भिंत पांढरी झाली. दहाव्या दिवशी तिच्यावर इंद्रधनुष्य, एक हत्ती, एक सफरचंद आणि इंग्रजीत एक छानसे वाक्य उमटले. आम्ही सारे शिक्षक पाहत होतो. कुणी काही बोलले नाही. मुख्याध्यापकांनी समोसे मागवले. मेहमान होते ना! त्या दिवशीच्या फोटोत मीही आहे, हातात ब्रश धरून हसते आहे.

मुले मात्र त्या दहा दिवसांत अतिशय खूश होती. कोरियाच्या मुलीने कागदाच्या घड्या घालून पक्षी करायला शिकवले आणि शाळेत जिकडेतिकडे कागदी पक्षी झाले. जर्मनीच्या मुलाला चौथ्या दिवशी ताप भरला. मोहल्ल्यातल्या एका खालांनी त्याच्यासाठी पातळ खिचडी केली, पाच घरांतून डबे आले, एकाने दवाखान्यात नेले, एकाने रात्रभर उशाशी बसून काढली. निघताना तो रडला. म्हणाला, मी इथे द्यायला आलो होतो आणि घेऊन चाललो आहे. तो मनापासून बोलत होता. मला त्याचे ते बोलणे खरे वाटले आणि पुढे कितीतरी महिने तेच टोचत राहिले. त्याने हिशेब बरोबर मांडला होता. दहा दिवसांत मोहल्ल्याने त्याची जितकी खिदमत केली, तितकी त्याने आमची केली नव्हती. तरी प्रमाणपत्र त्याला मिळाले. डबे पाठवणाऱ्या बायांना स्वयंसेविका असे कुणी म्हणाले नाही.

दुरून येऊन परक्यासाठी राबण्याची ही रीत निघाली कुठून, हे मी नंतर वाचले. तिची सुरुवात सहलीसारखी नव्हती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या आसपासची गावे मातीत मिळाली. 1920 साली पिएर सेरेझोल नावाचा एक स्विस इंजिनियर काही मोजक्या तरुणांना घेऊन तिथल्या एका उद्ध्वस्त खेड्यात गेला. घरे उभारायची, शेते साफ करायची, आणि तीही कालच्या शत्रूंनी एकत्र राहून. त्या गटात जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडले त्यांच्याच हातांनी ते बांधायचे, अशी ती कल्पना. पुस्तकात वाचताना डोळे ओले होतात. पण गावकऱ्यांना ते जर्मन नको होते. ज्यांची मुले त्या मातीत पुरली होती, त्यांना जर्मन हातांची वीट सोसवेना. विरोध वाढला आणि काही महिन्यांत गटाला ते काम सोडून निघावे लागले.

या चळवळीच्या पहिल्या शिबिराची हकीकत अशी अपयशाची आहे. मला मात्र त्यात अपयशापेक्षा वेगळे काही दिसते. त्या खेड्याने नाही म्हटले, आणि ते गेले. आमच्या शाळेने नाही म्हटले नाही.

याच सेरेझोलचे पाय पुढे आपल्या देशाला लागले. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपाने बिहार हादरला, त्यानंतर पुराने उरलेसुरले नेले. सेरेझोल आला, राजेंद्रप्रसादांना आणि गांधीजींना भेटला, आणि पुढची दोनतीन वर्षे ये-जा करत मुझफ्फरपूरच्या भागात पाण्याखाली जाणारी गावे उंच जागी वसवण्याच्या कामात राहिला. बरोबर आलेले परदेशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. माती वाहणारे बहुतेक हात बिहारचेच. युरोपातून माती वाहायला माणूस येतो याचे त्या काळी नवल वाटले असणारच, कारण तोवर साहेब दिसला तो घोड्यावर किंवा खुर्चीत.

आणि मग आनंदवन. तिवस्याहून वर्धा, हिंगणघाट करत वरोऱ्याला जाता येते, त्यामुळे ही गोष्ट मला घरची वाटते. बाबा आमट्यांनी सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू केले, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यानंतरचे मात्र कमी सांगितले जाते. कुष्ठरोग्यांनी दगडधोंड्यांची जमीन फोडून भाजी पिकवली, पण वरोऱ्याच्या बाजारात तिला हात लावायला कुणी तयार नव्हते. 1954 च्या सुमारास सेरेझोलच्याच संघटनेचे, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे, देशोदेशींचे तरुण तिथे आले. ते आनंदवनातच राहिले, तिथलेच अन्न जेवले, रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी इमारती बांधल्या. वरोऱ्याचे लोक आधी लांबून बघायला आले, मग जवळ आले. ही माणसे कुष्ठरोग्यांच्या हातचे जेवतात आणि त्यांना काही होत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर भीती उतरू लागली, आणि भाजीही विकली जाऊ लागली.

या प्रसंगाचा विचार करताना मी दरवेळी अडखळते. परक्यांनी येऊन केले ते गावाने कधीच केले नसते. म्हणजे बाहेरून येणाऱ्याची गरज होती आणि ती खरी होती. पण गावाला पटले ते कशामुळे? बाबा आणि साधनाताई आपल्या लहान मुलांना घेऊन तिथेच राहत होते. तेही तिथलेच जेवत होते. त्यांच्याकडे पाहून वरोऱ्याची भीती गेली नाही, सातासमुद्रापलीकडच्या माणसांकडे पाहून गेली. समजा त्याऐवजी मेळघाटातून दहा कोरकू तरुण आले असते, आनंदवनात राबले असते, जेवले असते, तर वरोऱ्याने भाजी घेतली असती का? मला नाही वाटत. परदेशी माणसाच्या स्पर्शाला आपल्याकडे एक सनद असते, आणि ती सनद त्याने मागितलेली नसते, आपणच दिलेली असते. त्या सनदेने आनंदवनात भले झाले. त्याच सनदेपुढे आमची अलिफ-बेची भिंत पुसली गेली.

तरुणांची गोष्ट चालली आहे म्हणून जाता जाता एका म्हातारीची सांगते. अमेरिकेच्या पीस कोअरतर्फे 1966 साली लिलियन कार्टर नावाची परिचारिका मुंबईजवळ विक्रोळीला आली, तेव्हा तिचे वय होते 68. पुढे तिचा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष झाला म्हणून जग तिला ओळखते. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की ती पंधरा दिवसांसाठी आली नव्हती. जवळपास दोन वर्षे राहिली.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या कागदाकडे येते. तिच्या घरी या बेतावरून वाद पेटला होता. वडिलांचा विरोध नव्हता, त्यांना एकटीने जाण्याची काळजी होती, आणि बरोबर अमरावतीच्या आणखी तीन मुली आहेत हे कळल्यावर ती बरीचशी मिटली. विरोध होता तो मामूंचा. त्यांचे म्हणणे आपल्या मोहल्ल्यांत सर्रास ऐकू येते : अव्वल खेश, बाद दरवेश. आधी आपले, मग परके. आपल्या मोहल्ल्यात आठवीनंतर पोरे गॅरेजवर बसतात, त्यांना शिकव. नेपाळच्या मुलांची तुला काय पडली आहे? मामूंचे बोलणे मला पूर्ण चुकीचे वाटले नाही. गॅरेजवरची ती पोरे माझ्याच वर्गातून गेलेली असतात.

पण तिने मला जे उत्तर दिले ते त्याहून भारी होते. म्हणाली, "बाजी, हमेशा हमारे यहाँ लोग आते. सर्वे करते, फोटो निकालते, कंबल बाँटते. हम लेने वालेच रहे. हम कभी देने कू कहीं गए क्या?"

यावर मी गप्प झाले. ती जे म्हणते ते मी शाळेत रोज पाहते. सच्चर समितीचा अहवाल 2006 साली आला तेव्हा आपल्या समाजाचे दुखणे आकड्यांत मांडले गेले, हे चांगलेच झाले. पण त्यानंतर आपली ओळखच जणू लाभार्थी अशी होऊन बसली. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मुलाच्या नावापुढे पहिला रकाना काय तर तो किती गरीब आहे याचा. ज्या मुलीने बारा वर्षे असे रकाने भरले, तिला एकदा तरी देणाऱ्याच्या रांगेत उभे राहावेसे वाटले तर तिला कोणत्या तोंडाने अडवायचे? देण्यात इज्जत आहे, हे तिने आपल्याच दीनकडून ऐकलेले आहे. वरचा हात खालच्या हातापेक्षा बरा, ही हदीस तर आम्ही वर्गात शिकवतो. आणि परक्यासाठी धावणे हेही आपल्याला नवे नाही. हिल्फ-उल-फुदूलचा करार मक्क्यात झाला तो येमेनहून आलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याचे पैसे मक्क्याच्या एका बड्या माणसाने बुडवले म्हणून. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम तेव्हा विशीच्या आसपासचे तरुण होते. पैगंबरी अजून मिळायची होती. तरीही पुढे त्या कराराची आठवण त्यांनी अभिमानाने काढली आणि आजही त्यासाठी कुणी हाक मारली तर जाईन असे सांगितले. तो व्यापारी ना त्यांच्या कबिल्याचा होता, ना शहराचा. मामूंना मी हे सांगितले. ते म्हणाले, वो तो घर आए थे बेटा, ये खुद जा रही है.

मामू अशिक्षित आहेत असे त्यांचे तेच म्हणतात. पण त्या वाक्यात त्यांनी बोट नेमके ठेवले होते. त्या व्यापाऱ्याने स्वतः मदत मागितली होती.

मग मी अनाथालयांविषयी शोधू लागले आणि जे वाचले त्याने झोप उडाली. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत मुलांच्या अशा निवासी संस्था सुमारे पाऊणपटीने वाढल्या. देशात अनाथ वाढले म्हणून नव्हे. युनिसेफच्या पाहणीत दिसले की त्या संस्थांतल्या दर चारपैकी तीन मुलांची आई किंवा बाप हयात होता. नेपाळमध्ये 1996 ते 2006 या यादवीच्या काळात दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतल्या गरीब आईबापांना, पोराला शहरात शिकवतो, असे सांगून दलालांनी मुले आणली, आणि नेपाळची बहुतांश अनाथालये आहेत ती पर्यटक जिथे उतरतात त्या मोजक्या जिल्ह्यांत. परदेशी तरुणाला अनाथ मुलाला शिकवायचे असते, त्यासाठी तो पैसे मोजतो, म्हणून अनाथ मूल तयार ठेवले जाते. सगळीच अनाथालये अशी नसतात, हे उघड आहे. पण 2018 साली ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला त्या वेळी तिथल्या संसदेत या अनाथालयांच्या बाजाराची चर्चा गुलामगिरीचाच एक प्रकार म्हणून झाली.

यतीम हा शब्द आपल्या कानांना केवढा जड आहे! आपले नबी स्वतः यतीम. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा गेले, मग चुलते अबू तालिब यांनी सांभाळले. प्रत्येक वेळी त्यांना दार उघडे मिळाले ते रक्ताच्या नात्याच्या घराचे. ज्याचा बाप गेला तो यतीम, पण त्याची आई असते. तिच्यापासून त्याला तोडा असे शरियत कुठेही सांगत नाही.

आणि इथे आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. रमजानमध्ये देणगीदार येणार म्हणून यतीमखान्यातल्या पोरांना इस्त्रीचे कुर्ते घालून ओळीने उभे केलेले मी पाहिले आहे. एका लहानग्याला नात म्हणायला पुढे ढकलले जाते, पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येते, पावतीपुस्तक उघडते. आपण त्यावर कधी वाद घातला नाही, कारण पैसा चांगल्या कामाला जातो. जात असेलही. पण त्या पोराला कुणी विचारले होते का की तुला आज गायचे आहे का?

या सगळ्या गोंधळात मला वाट दाखवली ती आपल्या फिकहमधल्या एका शब्दाने. तो शब्द तमलीक. जकात देताना हनफी फिकहची अट अशी की ज्याला दिली त्याला त्या मालाचा पूर्ण मालक करायचे. म्हणूनच जकातीच्या पैशाने मशीद बांधता येत नाही. मशीद कुणा गरिबाच्या मालकीची होत नाही. गरिबाच्या हातात रक्कम पडली की देणाऱ्याचा हक्क संपला. तो तिचे पीठ आणील, औषध आणील, नाहीतर पोरीला कानातले घेईल. 'मी सांगतो तसे खर्च कर' असे म्हणण्याचा अधिकार देणाऱ्याला उरत नाही. मुळात कुरआनने मालदाराच्या मालात मागणाऱ्याचा हक मानला आहे, आणि एहसान जतावण्याने सदका वाया जातो असे बजावले आहे. मालक करा, आणि मग विसरा.

ही अट पैशाला लावतो तशी वेळेला लावून पाहिली तर? कुणी मला आपले दहा दिवस दिले, तर त्या दहा दिवसांची मालक मी झाले का? आमच्या शाळेत आम्ही झालो नव्हतो. त्या दहा दिवसांत काय करायचे हे संस्थेने ठरवले होते, रंगाचे डबेसुद्धा तिनेच आणले होते. माल देणाऱ्याकडेच राहिला होता. फोटोही त्यांचे, आठवणही त्यांची आणि शेवटी भिंतही त्यांचीच झाली.

यावर माझी मीच हरकत घेतली. मी शिक्षिका आहे. मुलांना माझ्या तासाचे मालक केले तर गणिताच्या तासाला रोज क्रिकेट होईल. डॉक्टर रोग्याला विचारून औषध ठरवत नाही. ज्याला कळते त्याने ठरवावे, हे मान्य केल्याशिवाय शाळाही चालणार नाही आणि दवाखानाही. मग स्वयंसेवकालाच तमलीकची अट का? बरेच दिवस मला उत्तर सापडले नाही. आता वाटते ते असे. रोग्याला डॉक्टर नको असला तर तो उठून जाऊ शकतो. आईबापांना माझे शिकवणे पटले नाही तर ते मुख्याध्यापकांकडे येतात, भांडतात, पोराचा दाखला काढून नेतात. आणि मी पुढच्या वर्षीही तिथेच असते. मी बिघडवलेले गणित नववीत माझ्याच गळ्यात पडते. देणाऱ्याला परत पाठवण्याची ताकद, आणि उद्या त्याला जाब विचारण्याची सोय, ही दोन घेणाऱ्याच्या हाती असली की मालकी त्याच्याकडे आली असे समजावे. व्हर्दूनच्या त्या खेड्याकडे पहिली होती. ज्या मुलाला परत पाठवणे माहीतच नाही आणि ज्याच्या समोरचा माणूस दर पंधरवड्याला बदलतो, त्या अनाथालयातल्या मुलाकडे दोन्ही नाहीत. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन त्याला जीव लावतो आणि निघून जातो. पंधरवड्याची माया मोठ्या माणसालाही सोसत नाही.

हजरत सलमान फारसी यांची आठवण इथे येते. तेही परदेशी, इराणचे. 5 हिजरीत मदिन्यावर हल्ला येतो आहे म्हटल्यावर खंदक खणण्याची इराणी युक्ती त्यांनी सुचवली आणि शहर वाचले. आपण एवढेच सांगतो. पण त्याआधी काय झाले? ते मदिन्यात गुलाम म्हणून आले होते. त्यांना सोडवण्यासाठी खजुराची तीनशे रोपे द्यायची होती. सहाबांनी आपापल्या घरून रोपे आणली आणि हुजूरांनी ती स्वतःच्या हाताने लावली. सलमान आधी घेणारे होते, कित्येक वर्षे त्या शहरात राहिलेले होते. त्यांनी सुचवले तेव्हा त्यांचे ऐकायचे की नाही हे मदिन्याने ठरवले, आणि खंदक साऱ्यांनी मिळून खणला, हुजूरांसकट. म्हणूनच पुढे मुहाजिर म्हणाले सलमान आमचे, अन्सार म्हणाले आमचे, आणि हुजूर म्हणाले ते आमच्या घरचे.

बाराव्या दिवशी मी विद्यार्थिनीला बोलावले. शिफारसपत्र लिहून ठेवले होते, ते तिला दिले आणि म्हटले, पाठवायच्या आधी त्यांना दोन प्रश्न विचार. तुमच्या मुलांनी किंवा त्यांच्या आईबापांनी आम्हाला बोलावले आहे का? आणि आमचे काम पटले नाही तर आम्हाला परत पाठवण्याचा अधिकार कुणाला आहे? तिने तिथल्या तिथे मोबाइलवरून लिहिले. उत्तर दोन दिवसांनी आले. त्यात फीचा दुसरा हप्ता कधी भरायचा ते होते.

ती नेपाळला गेली नाही. रडली, माझ्यावर रागावलीही. तिला वाटले, बाजीने मामूंची बाजू घेतली. मी तिला म्हटले, दूर जायला माझी ना नाही. आपल्याच तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीचे तुकडोजी महाराज 1955 साली जपानला विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. खान अब्दुल गफ्फार खान यांना 1934 साली तुरुंगातून सुटल्यावर सरहद्दीत पाऊल टाकायची बंदी होती, तेव्हा तो पठाण आपल्या वर्ध्याला येऊन राहिला. त्यांच्या संघटनेचे नावच खुदाई खिदमतगार. खुदाला खिदमतीची गरज नाही, म्हणून त्याच्या बंद्यांची करायची, असा त्यांचा साधा हिशेब होता. तिने ऐकून घेतले, पण चेहऱ्यावर दिसत होते की तिला इतिहास नको होता, तिकीट हवे होते.

पावसाळ्यात ती मेळघाटात गेली. पुण्याची 'मैत्री' ही संस्था 1997 पासून पावसाळ्याच्या दिवसांत मेळघाटच्या गावांत बालमृत्यू रोखण्यासाठी शहरातले स्वयंसेवक तुकड्यातुकड्यांनी पाठवत आली आहे. तसाच एक गट हिच्या मैत्रिणीच्या ओळखीचा निघाला. दहा दिवस. परत आली ती थोडी हिरमुसलेली. "कुछ करनेच नहीं दिया बाजी." गावातल्याच एका बाईच्या मागे मागे घरोघर जायचे, ती कोरकूत बोलेल ते ऐकायचे, मुलांची वजने वहीत उतरायची. एकदा हिने एका आजारी पोराला उचलून घ्यायला हात पुढे केले, तर त्या बाईने नको म्हणून खूण केली. पोर परक्याला भिते. दहा दिवस हिने वही लिहिली आणि चिखल तुडवला. शेवटच्या दिवशी एका म्हातारीने त्या बाईमार्फत विचारले, पुढल्या पावसात ही येणार आहे का? हिला काय बोलावे सुचले नाही.

"तू काय सांगितलेस?" मी विचारले.

"बोली, इन्शाअल्लाह. पर बाजी, वो वाला इन्शाअल्लाह नहीं जो हम टालने कू बोलते."

यंदा शाळेत पुन्हा त्या जुन्या संस्थेचे पत्र आले. डिसेंबरात तीन तरुण येऊ इच्छितात, सोयीच्या तारखा कळवा. मुख्याध्यापकांनी ते मिटिंगमध्ये वाचून दाखवले. मी म्हटले, तारखा नंतर, आधी आपल्याला काय हवे ते ठरवू आणि तेच कळवू. सगळ्यांनी मान हलवली आणि मग जो शांतपणा पसरला तो आजवर कोणत्याच मिटिंगमध्ये नव्हता. नऊ शिक्षक आणि आपल्या शाळेला काय हवे हे कुणालाच चटकन सांगता येईना. आजवर जे येईल ते घेतले होते, मागायची सवयच गेली होती. कुणी म्हणाले कॉम्प्युटर, कुणी म्हणाले इंग्रजी. शेवटी चहा घेऊन आलेले आमचे शिपाईचाचा दारातूनच म्हणाले, "मुलींच्या संडासाले पाणी नाही साहेब, दोन वरसं झाले. नळाची लाइन टाकाले कोणी येत असन तर बोलवा."

तेच लिहिले. मजकूर मी केला : आम्हाला नळाची लाइन टाकायची आहे, खड्डा खणायला आमचे दहावीचे विद्यार्थी आहेत, तुमचे तीन तरुण त्यांच्याबरोबर खणणार असतील तर डिसेंबरचा दुसरा आठवडा सोयीचा आहे, राहणे आणि जेवण मोहल्ल्यातल्या घरांकडे. खाली एक ओळ वाढवली की भिंती रंगवायच्या नाहीत. मुख्याध्यापक ती ओळ वाचून जरा थांबले, मेहमानांना असे लिहावे का म्हणून. मग सही केली. पत्र जाऊन तीन आठवडे झाले आहेत. उत्तर अजून यायचे आहे.